मूठभर धान्याचा इतिहास



बचत गटाची बैठक संपत आली, वह्या मिटल्या, की बहुतेक गावांत एक विषय हमखास निघतो. अमकीचा नवरा गेला, पदरात दोन लेकरं आहेत, कसं होणार तिचं? सगळ्याजणी हळहळतात. मग जिच्या काळजाला जास्त लागतं ती एकटी धावते. आपल्या डब्यातली ज्वारी देते, लेकरांना जेवू घालते, कधी कानातलं गहाण ठेवते. दोन-तीन महिन्यांनी तिचीही ओढाताण सुरू होते. मदत थांबते आणि लेकरं पुन्हा उघड्यावर पडतात. समन्वयक म्हणून आम्ही गावोगावच्या गटांत बसतो, तेव्हा हेच बघतो. माया कमी नसते, पण सगळा भार एकीच्याच अंगावर पडतो.

म्हणून आज आपण थोडं मागे जाऊन बघू. गावातल्या पोरक्या, गरीब लेकरांना आपल्या आधीच्या माणसांनी कसं सांभाळलं? त्यात काय टिकलं आणि काय टिकलं नाही?

आपल्याकडे एकमेकांना हात देण्याच्या रीती जुन्या आहेत. सावड आपल्याला माहीत आहे. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. इर्जिक त्याहून मोठी. एखाद्याचं रान पडून राहिलं, तर सगळे आपापली औतं घेऊन येत आणि एका दिवसात नांगरट उरकत. ज्याचं रान, त्याच्याकडे त्या दिवशी सगळ्यांचं जेवण. या रीतींनी कितीतरी घरं तगली. पण त्यांना एक मर्यादा होती. सावडीत जायचं तर आधी आपल्याकडे रान हवं, बैल हवेत, निदान परत फेडायला धडधाकट हात हवेत. ज्या लेकराचे आईबाप गेले, त्यानं काय फेडायचं? आणि जे गावकुसाबाहेर राहत, त्यांना तर गावच्या या देवघेवीत बरोबरीची जागाच नव्हती.

शिकणाऱ्या मुलांसाठीही रीत होती. गरीब ब्राह्मण मुलं माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यातून अनेकजण शिकले, मोठे झाले. पण ही सोय एकाच जातीच्या मुलांपुरती होती. शिवाय मुलाला स्वतः दारात उभं राहावं लागे. जेवण मिळे, पण मान खाली घालून.

ही चौकट मोडण्याचा एक मोठा प्रयत्न १८७६-७७ च्या दुष्काळात झाला. माणसं गावं सोडून चालली होती, लेकरं वाटेवर पडत होती. तेव्हा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला आणि दुष्काळातल्या लेकरांना तिथं जेवू घातलं. सावित्रीबाई त्या काळात जुन्नर-ओतूर भागात मदतीच्या कामावर होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेलं एप्रिल १८७७ चं पत्र आजही वाचायला मिळतं. भुकेल्या मुलाची जात न विचारता त्याला पंगतीत बसवायचं, हा विचार तिथून पुढे चालत राहिला.

तोच विचार घेऊन पुढे निघाले कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. ते काही वर्षं नांगराच्या कारखान्यासाठी विक्रीचं काम करत. त्यानिमित्तानं गावोगाव फिरणं झालं. शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिलं होतं. पोरगं हुशार आहे, पण गावात शाळा नाही. तालुक्याला पाठवायचं, तर राहायचं कुठं, खायचं काय? शाळेच्या फीआधी जेवणाचा प्रश्न होता. म्हणून ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हा भाऊरावांनी शाळेइतकंच वसतिगृहाकडे लक्ष दिलं.

१९२४ मध्ये संस्थेचं काम साताऱ्याला आलं आणि तिथं मोठं वसतिगृह उभं राहिलं. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छताखाली राहू लागली. एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत. १९२७ मध्ये महात्मा गांधी आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. त्या काळी गावच्या पाणवठ्यावर ज्यांना वेगळं उभं केलं जाई, त्यांचं लेकरू इथं सगळ्यांच्या बरोबरीनं जेवत होतं.

आता या वसतिगृहातल्या चुलीकडे जाऊ, कारण आपल्या कामाचा इतिहास तिथं आहे. त्या चुलीपाशी लक्ष्मीबाई होत्या, भाऊरावांच्या पत्नी. त्या सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या घरातून आलेल्या. सगळ्या जातींच्या मुलांना आपल्या हातानं वाढणं त्यांना सुरुवातीला किती जड गेलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण त्या मुलांच्या आई झाल्या. आजारपणात उशाशी बसल्या, सणावाराला गोडधोड केलं. आणि मुलांच्या खाण्यासाठी पैसे कमी पडू लागले, तसे त्यांचे दागिने एकेक करून गेले. शेवटी एकदा वसतिगृहात धान्य उरलं नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. त्या काळात बाईनं मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. संस्था मोठी झालेली त्यांना बघायला मिळाली नाही.

ही गोष्ट दरवर्षी कार्यक्रमांत सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. पण आम्हाला वाटतं, ती इथंच थांबवू नये. मंगळसूत्र एकदाच देता येतं. त्यातून आलेलं धान्य संपलं, की दुसऱ्या दिवशी मुलांना पुन्हा भूक लागतेच. मग त्यानंतरची कितीतरी वर्षं हजारो मुलं जेवली कशी?

त्याचं उत्तर मुष्टिफंडात आहे. योजना अगदी साधी. घरातल्या बाईनं दळणाच्या किंवा स्वयंपाकाच्या वेळी रोजच्या धान्यातलं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि वेगळ्या मडक्यात टाकायचं. ठरलेल्या दिवशी ते घरोघरून गोळा करायचं आणि वसतिगृहाला पोहोचवायचं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, जिथं जे पिकतं ते. ही कल्पना आणखीही ठिकाणी रुजली होती. पणजीत १९०८ मध्ये मराठी शिक्षणासाठी घरोघरच्या मूठभर तांदळातून एक संस्था उभी राहिली. आजही तिचं नाव मुष्टिफंड असंच आहे.

एका मुठीनं काय होतं, असं वाटेल. आम्ही हिशेब मांडला. एक मूठ पन्नास ग्रॅमची धरू. महिन्याचे झाले दीड किलो. गावातली शंभर घरं धरली, तर महिन्याला दीडशे किलो, म्हणजे दीड क्विंटल. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरलं, तर महिन्याला बारा किलो लागतं. म्हणजे शंभर घरांच्या एकेका मुठीतून बारा मुलांचं वर्षभराचं धान्य निघतं. आणि ज्या घरातून मूठ निघाली, त्या घरात कुणी उपाशी राहत नाही.

या मुठीत आणखी एक गोष्ट होती. त्या काळी बाईच्या हातात पैसा नसे. वर्गणी द्यायची, तर ती घरचा पुरुष देणार आणि पावतीवर नावही त्याचंच. पण कोठीतलं धान्य आणि जात्यावरचं दळण बाईच्या हातात होतं. मूठ काढायला तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. सासुरवाशीण असो की विधवा, तीही देऊ शकत होती. मुष्टिफंड म्हणजे बाईनं स्वतःच्या अधिकारात दिलेली वर्गणी होती. त्या बायांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. पण रयतेच्या शाळांत शिकून जे मास्तर झाले, साहेब झाले, त्यांच्या अंगात त्या बायांचं धान्य आहे.

मुलाचा मानही त्यात राखला गेला. माधुकरीसारखं त्याला दारात उभं राहावं लागलं नाही. हे धान्य तुझ्या घरचं, ते त्याच्या घरचं, असं कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण एका पोत्यात गेल्यावर कुणाची मूठ कुठली हे कुणाला ओळखणार? शिवाय मुलं स्वतः शेतात, बागेत, स्वयंपाकात राबत. स्वावलंबी शिक्षण हेच संस्थेचं ब्रीद. कष्ट करून खाल्ल्यामुळे कुणाला मिंधं वाटलं नाही.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १९४८ मध्ये झाली. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांचे सरकारशी मतभेद झाले आणि संस्थेचं सरकारी अनुदान बंद झालं. शाळा-वसतिगृहं बंद पडायची वेळ आली. तेव्हा भाऊराव पुन्हा गावोगाव गेले आणि लोकांनी धान्य दिलं, पैसे दिले. संस्था तगली. पण ही गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाही. पुढे गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. गावानं मूठ दिली म्हणून सरकारची जबाबदारी संपली, असं त्या माणसांनी कधी मानलं नाही. मुठीनं आजची भूक भागवायची आणि हक्काचं आहे ते सरकारकडून मागून घ्यायचं, ही दोन्ही कामं बरोबर चालली.

आपल्यालाही ती दोन्ही कामं करायची आहेत.

पहिलं काम मुठीचं. गटात दर महिन्याला बचत जमा होते, तिथंच एक वेगळा डबा ठेवता येईल. दहा रुपये किंवा मापट्यानं धान्य, गट ठरवेल ते, पण सगळ्यांचं सारखं. कुणी जास्त देऊन मोठी व्हायचं नाही आणि कमी दिलं म्हणून कुणाला बोल लावायचा नाही. त्याची वही वेगळी ठेवायची. कोणत्या घराला किती द्यायचं, ते गटानं बैठकीत ठरवायचं. नाव मात्र गावात पुकारायचं नाही. जिला दिलं, तिलाही गटाच्या कामात सामील करून घ्यायचं, म्हणजे तिला ती भीक वाटणार नाही.

दुसरं काम हक्काचं. ज्या मुलाचे आईबाप दोघं किंवा एकजण नाही, त्याच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. विधवा, निराधार बाईसाठी तहसील कचेरीत संजय गांधी निराधार योजना आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. आपल्या गावात ती आहे का, तिची बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत विचारता येतं. लेकरू संकटात असेल, तर १०९८ या नंबरवर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. यातला कागद गोळा करणं हेच मोठं काम असतं. नवरा गेलेल्या बाईला मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक घेऊन तालुक्याला एकटीनं फिरणं जड जातं. तिच्याबरोबर एकीनं जायचं, आणि दर वेळी वेगळीनं. बरोबर जाण्यातला एक दिवस, हीही मूठच आहे.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती थोडी अवघड आहे. जिथं रयतेची पहिली वसतिगृहं उभी राहिली, त्याच कराड-सातारा भागात दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबं येतात. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या पडतात. आई पहाटेच फडात जाते. आठ-नऊ वर्षांची पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीपाशी बसते. ती पोरगी गावच्या यादीत नाही, गटाच्या यादीत नाही. पण पाच महिने ती आपल्या बांधाला राहते. शेजारीण आणखी कशाला म्हणायचं?

त्या पोरीला जवळच्या शाळेत बसवून घेणं शाळेला बंधनकारक आहे. दाखला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही. गावाहून येताना शिक्षण हमी कार्ड आणलं असेल, तर काम आणखी सोपं होतं. धाकट्याला अंगणवाडीत आहार मिळू शकतो. पण हे त्यांना कोण सांगणार? त्या बायांना गावात कुणाची ओळख नसते. आणि ज्या गावांतून ही कुटुंबं निघतात, तिथल्या मैत्रिणींनी आज हे ऐकलं असेल, तर त्यांच्यासाठीही काम आहे. लेकरांना आजी-आजोबांजवळ ठेवून हंगामी वसतिगृहाचं जेवण मिळावं, म्हणून शाळेत दिवाळीआधीच नावं द्यावी लागतात.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर वही लगेच मिटू नका. एक कोरं पान काढा. आपल्या गावात आणि गावाच्या शिवारात आज कोणती लेकरं मोठ्या माणसाच्या आधाराविना आहेत, त्यांची नावं एकेकीनं सांगा आणि लिहा. कोप्यांवर जाऊन तिथलीही नावं विचारून घ्या. त्या पानाखाली कोण काय करणार तेही लिहा, आणि एकाच बाईचं नाव दोनदा आलं, तर ते खोडून दुसरीचं घाला.