वाळवंटातली गिटार

पंक संगीत म्हटले की लंडन-न्यूयॉर्क आठवते. पण त्याची एक शाखा स्केटबोर्डवर, म्हणजे चाकांच्या फळीवर वाढली. १९७६-७७ च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि मुले फळ्या घेऊन त्यांच्या उतारांवर उतरली. पुढे १९८१ साली ॲरिझोनातल्या रखरखीत फिनिक्स शहरात अशाच स्केटबोर्डवेड्या पोरांनी 'जेएफए' हा बँड काढला. त्यांची पहिली तबकडी त्याच वर्षी गावातल्याच 'प्लॅसिबो' या छोट्या कंपनीने काढली.

त्याच सुमारास आपल्या बहरीनमध्ये मोहम्मद आणि नबील अल सादेकी या भावांचा 'ओसायरिस' बँड उभा राहिला. त्यांचा बाज मात्र निराळा: प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक रचना, मधूनच अरबी वळणाची सुरावट. १९८२ मध्ये पहिला आल्बम, १९८४ मध्ये 'मिथ्स अँड लेजंड्स', आणि पुढे 'बियॉन्ड कंट्रोल'.

दोघांची जातकुळी वेगळी, अडचण एकच. रॉकची बाजारपेठ दूर, आणि त्यांच्या तबकडीची वाट कोणी पाहत नव्हते. तरी त्यांनी ती काढली.

वाचकहो, आपलीही मुले याच बेटावर वाढतात. बंद खोलीतून ड्रमचा दणका आला की आपण आधी अभ्यासाची चौकशी करतो. ती जरूर करावी. पण दार ठोठावण्यापूर्वी निदान एक गाणे पुरे होऊ द्यावे.