आराखडा नसलेली जहाजे

जुन्या लढाऊ जहाजांच्या सचित्र संदर्भपुस्तकांचे जग मोठे आहे आणि नवख्याचे तिथे मनापासून स्वागत होते. फ्रेड जेन या इंग्रज चित्रकाराने १८९८ मध्ये जगभरच्या युद्धनौकांची सचित्र सूची काढली. ती आजही नव्या आवृत्त्यांत निघते. फ्रान्समध्ये जाँ बुद्रिओ यांनी ७४ तोफांच्या एकाच प्रकारच्या जहाजावर चार खंड लिहिले. त्यांत फळी न् फळी आणि दोर न् दोर रेखाटलेला आहे. इंग्लंडमधल्या ‘अ‍ॅनाटमी ऑफ द शिप’ मालिकेने ‘व्हिक्टरी’पासून ‘ड्रेडनॉट’पर्यंतची जहाजे कागदावर उलगडून दाखवली. मॉडेल करणाऱ्याने पुस्तक उघडावे, पट्टी लावावी आणि कामाला लागावे, इतकी ही सोय आहे. तिच्यामागे एक सरकारी सवय आहे. ब्रिटिश आरमार आपल्या जहाजांचे आराखडे जपून ठेवत असे आणि त्यांतले हजारो आज ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत.

पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या मुलाने याच उमेदीने मराठ्यांच्या गुराबेचा, म्हणजे त्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजाचा, आराखडा शोधायला घेतला, तर कपाटाचा तो कप्पा जवळजवळ रिकामा निघतो. प्रताप, तह आणि वंशावळी यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. बा. कृ. आपट्यांसारख्या अभ्यासकाने मराठ्यांच्या आरमारावर आणि व्यापारी जहाजांवर ग्रंथही सिद्ध केला. पण गुराबेचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, किती लांब आणि डोलकाठी नेमकी कुठे रोवलेली, हे ज्यावरून मोजून घेता येईल असे पान हाताला लागत नाही. कारागीर नजरेने आणि प्रमाणाने नाव बांधत. कागदाची गरज त्यांना नव्हती. उरलीसुरली जहाजे मोजायची संधीही गेली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार खाडीत जळून गेले. त्या मोहिमेत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती, ही गोष्ट मॉडेलच्या पुस्तकात येत नाही. पण मराठी वाचकाने ती विसरूही नये.

मग आपल्या हाती काय आहे? मुख्यतः शब्द. बखरकार सभासदाने शिवछत्रपतींच्या आरमाराचे वर्णन करताना गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशी नावे दिली, आकार मात्र दिले नाहीत. १७१५ च्या सुमाराचे आज्ञापत्र अधिक कामाचे आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात बजावले आहे की गुराबा फार मोठ्या नकोत आणि फार लहानही नकोत, आणि वारा पडला की निरुपयोगी ठरणारी थोर जहाजे तर बांधूच नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी, हे प्रमाणही तिथेच सापडते. हा राज्यकारभाराचा उपदेश असला, तरी मॉडेल करणाऱ्याने तो मापाच्या कागदासारखा वाचावा. गुराबेच्या जोडीला वल्ह्यांची गलबते तिप्पट ठेवली आहेत, याचा अर्थ वल्ह्यांशिवाय ही लढाई कल्पिलेलीच नाही.

खरा ऐवज मात्र शत्रूच्या दप्तरात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचा ग्रंथ १७६३ पासून छापून येऊ लागला. आंग्र्यांच्या जहाजांचे त्याने केलेले वर्णन इतके नेमके आहे की ते हळूहळू, एकेक वाक्य थांबत वाचावे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असतात. दोन काठ्यांची फार तर दीडशे टनांची, तीन काठ्यांची साधारण तीनशे टनांची. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद आणि पाण्यात कमी बुडणारी. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाते आणि युरोपी जहाजाच्या फुगीर तोंडाऐवजी तिला भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे झेपावलेली नाळ असते. या नाळेवर भक्कम तक्तपोशी (डेक) असते, पण तिला कठडा नसतो. समोरच्या लाटेवर गुराब जोराने खालीवर होते आणि नाळेवर चढलेले पाणी कुठे न अडता वाहून जावे लागते, म्हणून ती बाजू उघडी. नाळ आणि मुख्य तक्तपोशी यांच्यामध्ये एक आडवी भिंत असते. तिला पाडलेल्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा नाळेवरून थेट पुढे मारा करतात. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या, सहा ते नऊ पौंडी.

मॉडेलच्या दृष्टीने यातली कठडा नसण्याची नोंद सगळ्यात मोलाची. कुठलाही हौशी माणूस शोभेसाठी नाळेभोवती सुबक कठडा बसवेल आणि तिथेच जहाज खोटे ठरेल. दोन जड तोफा पुढच्या बाजूला का, याचे उत्तर ऑर्मने सांगितलेल्या डावपेचांत आहे. वारा पडला की गलबते गुराबांना ओढत नेत. गुराबा शत्रूच्या पिछाडीला येऊन आधी त्याच्या डोलकाठ्यांवर मारा करत; तो पांगळा झाला की चहूबाजूंनी भिडत. तरीही तो नमला नाही, तर माणसांनी खच्चून भरलेली गलबते एकदम चाल करत आणि तलवारी उपसून लोक वर चढत. एकापुढे एक रांग लावून बाजूच्या तोफांनी झुंजण्याची युरोपी पद्धत या जहाजाच्या मनातच नाही. म्हणून गुराबेचे मॉडेल काचेच्या पेटीत बाजूने दिसेल असे ठेवण्यापेक्षा समोरून दिसेल असे ठेवावे, असे मला वाटते.

चित्रांच्या बाबतीत मात्र हात राखून विश्वास ठेवावा. विजयदुर्गच्या मोहिमेचे चित्र रंगवणारा डॉमिनिक सेरेस इंग्लंडमध्ये बसून काम करत होता. बाल्थाझार सोल्विन्स हा फ्लेमिश चित्रकार १७९१ पासून कलकत्त्यात राहिला आणि त्याने इथल्या नावा डोळ्यांनी पाहून कोरल्या. पण त्या बंगालच्या, आणि तोवर युरोपी शिडे त्यांच्यावर चढू लागली होती. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा फार देखण्या आहेत, पण त्या शिलाहारकाळच्या. गुराबेसाठी त्यांतून नाळेच्या डौलापलीकडे फारसे घेता येणार नाही.

चित्रावरून जहाज उभे करणे अशक्य आहे, असे मात्र कुणी म्हणू नये. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून गोव्यात फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आले. तिथेही मूळ आराखडा नव्हता. चित्रातल्या रेषा, जुन्या शिवणकामाचे जिवंत कौशल्य आणि पाण्यातल्या चाचण्या यांची सांगड घालून आकार ठरवावा लागला. उलट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभी आहे. तिचे आराखडेही आहेत. तिच्या आराखड्यांचा पहिला संच ‘जावा’ जहाजाबरोबर १८१२ मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत नष्ट झाला, तेव्हा दुसरा पाठवला गेला. नक्कल काढून ठेवणाऱ्या कचेरीचा एवढा फायदा असतोच.

पेण आणि रोहे या अभ्यासाला मुळीच आडवाटेवरची नाहीत. पेणची भोगावती धरमतरच्या खाडीकडे जाते, रोह्याची कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. १६७९ मध्ये खांदेरी बेटाच्या ताब्यावरून इंग्रजांशी जुंपली, तेव्हा शिवाजी महाराजांच्या हलक्या नावा पाठलाग चुकवून नागोठण्याच्या खाडीत शिरत आणि कंपनीची जड जहाजे बाहेर तोंड पाहत राहत. नागोठणे रोहे तालुक्यातच आहे. ओहोटीच्या वेळी त्या खाडीच्या काठी उभे राहिले, की ‘पाण्यात कमी बुडणारी’ या ऑर्मच्या शब्दांना चिखलाची साक्ष मिळते. आजच्या मच्छीमार बोटी बघाव्यात, पण त्या इंजिनासाठी घडलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवून. शिडाच्या होड्यांसाठी एडमंड पारिस या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात छापलेली मोजीव रेखाटने अधिक भरवशाची.

पेणच्या हातांविषयी वेगळे सांगायला हवे. गणपतीच्या कारखान्यांत शाडू, साचा आणि आखणी यांची जाण पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे आणि हमरापूर, जोहे अशा गावांत ती घरोघर आहे. जहाजाची अर्धी बाजू आधी शाडूत घडवावी, हा माझा आग्रह त्यातूनच येतो. लाकूड एकदा कापले की कापले. शाडू मात्र ऑर्मचे पुढचे वाक्य वाचल्यावर खरवडता येतो किंवा वर थापता येतो. साचा काढून सरळ प्लास्टरचे जहाज ओतण्याचा मोह होईल, तो आवरावा. आतले वाक आणि तुळया ठरवल्याशिवाय बाहेरचा आकार बरोबर आला की नाही, हे कळतच नाही. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस धरावे. म्हणजे खऱ्या फुटाला मॉडेलवर पाव इंच, आणि कारखान्यातली फूटपट्टीच पुरते.

असे संदर्भपुस्तक मराठीत निघेल तेव्हा त्यातली प्रत्येक रेघ एकसारखी काळी नसावी. लेखी पुरावा असेल तिथे सलग रेघ, शेजारच्या काळातल्या नावांवरून घेतले असेल तिथे तुटक, आणि निव्वळ तर्क असेल तिथे ठिपके. गुराबेच्या पानावर ठिपके बरेच असतील. म्हणून सुरुवात गलबतापासून करावी, कारण तिथे आकडे एकमेकांना धरून आहेत. ऑर्मच्या मते ते सहसा सत्तर टनांवर जात नाही. दोन काठ्या, मोठ्या काठीवर एकच भलेमोठे त्रिकोणी शीड, चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी आणि चाळीस-पन्नास वल्ही. चाळीस वल्ही म्हणजे एका बाजूला वीस. दोन वल्ह्यांमध्ये तीन फूट धरले, तर साठ फूट, म्हणजे मॉडेलवर सव्वा फूट, नुसत्या वल्हेकऱ्यांनाच लागतात. नाळ आणि सुकाणूकडचा भाग त्याच्या पुढे-मागे. एवढी लांबी सत्तर टनांत बसवायची, तर रुंदी आणि खोली किती उरते, हे आधी कागदावर मांडावे आणि मग शाडू भिजवायला घ्यावा.