मोगली आणि मेळघाट

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या ओसरीत अख्खी गल्ली. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मी आईच्या पदराआड लपायची.

परवा लेकीसोबत ते पुन्हा पाहिलं. मालिका जपानी, १९८९ची. पण मूळ गोष्टीतलं जंगल सिवनीचं, म्हणजे आपल्या सातपुड्यातलंच!

शेवटी मोगली जंगल सोडून माणसांच्या गावात जातो. लहानपणी मला बरं वाटलं होतं. आता मेळघाटातल्या कोरकू बाया आठवल्या. १९७४ला तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे वाघासाठी काही गावं उठली, खाली अकोट तालुक्यात वसली.

लेक म्हणाली, “आई, मंग मोगलीले वापस जंगलात जाता येते काय?”