चेलोचा खर्ज आणि तारेचे वजन

तारेच्या कंपनांचे तीन नियम आपण दरवर्षी शिकवतो. तार लांब केली की स्वर उतरतो, ताण वाढवला की स्वर चढतो आणि दर एकक लांबीचे वस्तुमान वाढवले की स्वर पुन्हा उतरतो. फ्रान्समधील मारँ मेर्सेन याने हे नियम 1636 साली ग्रंथात मांडले. सोनोमीटरवर प्रयोग होतो, गणिते सुटतात, धडा संपतो. यातल्या तिसऱ्या नियमाने एका वाद्याचे नशीब कसे पालटले, ही गोष्ट मात्र सहसा सांगायची राहून जाते. ते वाद्य म्हणजे चेलो.

चेलो व्हायोलिनच्याच कुळातला, पण आकाराने बराच मोठा. वादक खुर्चीवर बसून तो गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत व्हायोलिनच्या ताफ्याखाली जो गंभीर, माणसाच्या गळ्याच्या जवळ जाणारा स्वर ऐकू येतो, तो बऱ्याचदा चेलोचा असतो. राहुलदेव बर्मन यांचे सहकारी बासू चक्रवर्ती हे चेलोवादकच होते.

चेलोची समोरची फळी स्प्रूसच्या हलक्या लाकडाची, तर पाठ आणि बाजू मेपलच्या लाकडाच्या. तारांची कंपने घोडीतून समोरच्या फळीत उतरतात. घोडीच्या एका पायाजवळ, पोटाच्या आत, एक छोटी लाकडी दांडी दोन्ही फळ्यांच्या मध्ये दाबून उभी केलेली असते. इटालियन कारागीर तिला ‘आत्मा’ म्हणतात. ती थोडी सरकली तरी वाद्याचा आवाज बदलतो.

तारा चार. त्यांच्या वारंवारता सुमारे 65, 98, 147 आणि 220 हर्ट्झ. शेजारच्या कोणत्याही दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचे, म्हणजे 2 : 3 असे नाते असते. याचा अर्थ असा, की सर्वांत वरच्या तारेची वारंवारता सर्वांत खालच्या तारेच्या 27/8 पट, म्हणजे जवळजवळ 3.4 पट असते.

आता जुन्या काळच्या वाद्य बनवणाऱ्याची अडचण पाहू. त्याच्याकडे तारेसाठी मेंढीच्या आतड्यापासून वळलेली तात होती. चारही तारांची लांबी सारखी. ताणही सारखा धरला, तर खर्जाच्या तारेचे दर सेंटिमीटरचे वस्तुमान वरच्या तारेच्या 27/8 च्या वर्गाइतके, म्हणजे सुमारे 11.4 पट हवे. तात एकाच पदार्थाची असल्याने तिची जाडी 3.4 पट करावी लागणार. वरची तार 1.2 मिलिमीटर असेल, तर खर्जाची तार 4 मिलिमीटरची! तिला तार म्हणायचे की दोरखंड?

प्रश्न केवळ जाडीचा नव्हता. दांडीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. जाडी 3.4 पट झाली की हा विरोध सुमारे 130 पट होतो. अशी ताठर तार गजाला लवकर दाद देत नाही, तिचे वरचे स्वरांश नीट जुळत नाहीत आणि आवाज बोथट येतो. जाड तारेवरचा ताण थोडा कमी ठेवून काही अंशी निभावता येई, पण ती अडचण पुरती सुटत नसे.

मग पहिल्या नियमाचा आधार घेण्यात आला. तार लांब करा आणि त्यासाठी वाद्यच मोठे करा. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतले अनेक चेलो आजच्या चेलोपेक्षा मोठे होते. पण वाद्य वाढले तरी वादकाचा पंजा वाढत नाही. स्वरांच्या जागा एकमेकींपासून लांब पडल्या आणि द्रुत गतीचे वादन अवघड झाले. इतरांच्या गाण्या-वाजवण्याखाली खर्ज धरून ठेवणे हेच या वाद्याचे मुख्य काम होते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक साधी युक्ती निघाली. तातीवर धातूची बारीक तार घट्ट गुंडाळायची. अशा तारांची जाहिरात लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने 1664 साली केलेली आढळते. तातीची घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त असते. चांदीची 10.5, म्हणजे तातीच्या सुमारे आठपट. आतली तात बारीक आणि लवचीक राहते, तर वेटोळ्यांमुळे वजन वाढते. वेटोळे भरीव दांडीसारखे वाकण्याला अडत नाही. ताठरपणा न वाढवता वस्तुमान वाढवण्याचा हा मार्ग होता.

याच सुमारास इटलीत, विशेषतः बोलोन्या शहरात, या वाद्याचे रूप पालटू लागले. ‘व्हायोलोनचेलो’ हे नाव 1665 सालच्या एका छापील संगीतसंग्रहात दिसते. त्याचा शब्दशः अर्थ ‘छोटा मोठा व्हिओला’! तिथल्याच दोमेनिको गाब्रिएल्ली याने 1689 साली एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या. क्रेमोनाचा आंतोनिओ स्त्रादिवारी आधी मोठे चेलो बनवीत असे. 1707 च्या सुमारास त्याने सुमारे 76 सेंटिमीटर लांबीच्या पोटाचा साचा वापरायला सुरुवात केली आणि पुढे तोच आकार आदर्श ठरला. संगीताच्या बदलत्या गरजाही या बदलामागे होत्या. पण गुंडाळलेल्या तारेवाचून लहान वाद्यात भरदार खर्ज मिळवणे कठीण होते.

नंतर जुने मोठे चेलो कापून लहान करण्यात आले. क्रेमोनाच्याच आंद्रेआ आमाती याचा सोळाव्या शतकातला ‘किंग’ नावाचा चेलो आज अमेरिकेत, साउथ डकोटातील व्हर्मिलियन येथील संग्रहालयात आहे. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजासाठी त्यावर चित्रे रंगवली होती. त्या चित्रांचे मधले काही भाग आज नाहीत. करवत कुठे चालली, याचा तोच पुरावा.

1720 च्या आसपास जर्मनीत योहान सेबास्टियन बाख याने एकट्या चेलोसाठी सहा स्वीट लिहिल्या. तरीही पुढे दीर्घकाळ त्यांच्याकडे बहुधा सरावाचे पाठ म्हणूनच पाहिले गेले. 1890 साली पाब्लो कासाल्स या 13 वर्षांच्या मुलाला बार्सिलोनातील एका दुकानात त्यांची छापील प्रत मिळाली. त्याने वर्षानुवर्षे त्यांचा अभ्यास केला, त्या मैफलींत वाजवल्या आणि 1936 ते 1939 या काळात त्यांचे ध्वनिमुद्रण केले. तार कधीच तयार झाली होती. श्रोते तयार व्हायला दोन शतके लागली.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. सोनोमीटरवर मासेमारीचा नायलॉन धागा ताणून स्वर ऐकवा. मग तितकेच वजन टांगलेले ठेवून त्यावर तांब्याची बारीक तार दाटीने गुंडाळा आणि पुन्हा छेडा. स्वर किती उतरतो, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्या. गिटारच्या जाड तारा भिंगाखाली दाखवा. तीच युक्ती तिथेही दिसेल.

शेवटी त्यांना एक प्रश्न द्या. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर 196 हर्ट्झ, चेलोचा 65. वारंवारता एक तृतीयांश झाली. पण व्हायोलिनची कंप पावणारी तार सुमारे 33 सेंटिमीटर आणि चेलोची सुमारे 69, म्हणजे जेमतेम दुप्पट. मग उरलेला फरक कुठून आला?