रकाना ‘ताप’

परवा जनगणनेचे जुने आकडे चाळत बसले होते. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५.२१ कोटी माणसं होती आणि १९२१ साली २५.१३ कोटी. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी चक्क कमी! नंतरच्या एकाही जनगणनेत असं झालेलं नाही.

कारण अर्थातच १९१८ चा इन्फ्लुएंझा. पण मी अडकले ते नोंदींपाशी. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत जन्म-मृत्यू लिहायचे ते गावकामगारांनी. साथीत तेही आडवे झाले, काही तर गेलेच. मोजायची गरज सगळ्यात जास्त, नेमकी तेव्हाच वही अर्धवट. लिहिलेल्या मृत्यूंपैकीही कितीतरी नुसत्या ‘ताप’ या रकान्यात. तापाने कोण मरत नाही म्हणा!

त्यामुळे देशभरातल्या बळींचा पहिला सरकारी अंदाज निघाला सुमारे ६० लाख. जनगणनेनंतर तो दुपटीवर गेला. १९५१ मध्ये किंग्जली डेव्हिस यांनी तो दोन कोटींच्या घरात नेला. म्हणजे ही माणसं गेल्याचं कळलं, ते पुढच्या मोजणीत सापडली नाहीत म्हणून. याच दशकात दर हजार पुरुषांमागे बायका ९६४ वरून ९५५ वर आल्या. आजाऱ्यांच्या उशाशी कोण बसलं असेल, ते सांगायला नको.

कोविडच्या २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जादा मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ मधला अंदाज. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत, आणि सरकारला तो अंदाज अमान्य. या खेपेला २०२१ ची जनगणनाही वेळेवर झाली नाही. ताळा करायचा तरी कशाशी?