संत आंब्रोज यांच्या नावाची बँक

निवृत्तीची पुंजी हाती आलेले गृहस्थ किंवा लेकीच्या लग्नासाठी पै पै साठविणारी माता आम्हांला हमखास विचारते, "फादर, पैसे कोणत्या बँकेत ठेवू?" या प्रश्नात केवळ व्याजदराची चौकशी नसते, आपला पैसा भल्या हातांत राहावा, ही तळमळ असते. बँक 'आपल्या लोकांची' असली की मन निश्चिंत होते. ही निश्चिंती कितपत रास्त आहे, हे इटलीतील एका बँकेचा इतिहास सांगतो.

१८९६ साली जुझेप्पे तोविनी या भाविक वकिलाने मिलान येथे 'बांको आंब्रोझियानो' स्थापन केली. इटलीचे नवे राज्य व ख्रिस्तसभा यांच्यात त्या काळी वितुष्ट होते. कॅथॉलिकांचा पैसा धर्मविरोधकांच्या हाती न जाता धर्मादाय कार्यास लागावा, हा तोविनींचा हेतू होता. बँकेला नाव दिले मिलानचे आश्रयदाते संत आंब्रोज यांचे. चौथ्या शतकात याच संताने व्याजखोरीवर कठोर प्रहार करणारा ग्रंथ लिहिला होता. पुढे १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तोविनींना धन्यवादित घोषित केले. असा हा पाया होता.

१९७५ साली रोबेर्तो काल्वी या बँकेचे अध्यक्ष झाले. पनामा, लक्झेंबर्ग अशा दूरच्या ठिकाणच्या नाममात्र कंपन्यांना कोट्यवधींची कर्जे गेली. १९८१ साली बेकायदेशीरपणे पैसा देशाबाहेर नेल्याबद्दल न्यायालयाने काल्वींना दोषी ठरविले. तरीही अपील प्रलंबित असताना ते अध्यक्षपदी कायम राहिले! त्याच वर्षी व्हॅटिकनच्या बँकेने या कंपन्यांची पाठराखण करणारी पत्रे दिली. जून १९८२ मध्ये काल्वींचा मृतदेह लंडनमधील एका पुलाखाली टांगलेला आढळला आणि बँक कोसळली. सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास रकमेचा हिशेब लागेना. ठेवीदारांचा व्यवहार नव्या बँकेने सांभाळला. लहान भागधारकांचे भाग मात्र कवडीमोल झाले. १९८४ साली व्हॅटिकनच्या बँकेने दोष मान्य न करता, नैतिक जबाबदारी म्हणून, धनकोंना सुमारे २४ कोटी डॉलर दिले.

हे लिहिताना आम्हांला क्लेश होतात. परंतु घरचा दोष झाकून इतरांना प्रामाणिकपणा शिकविता येत नाही. संताचे नाव कायम राहिले, हिशेब मात्र अंधारात गेला. आणि नावाकडे पाहून कोणी हिशेब विचारला नाही.

वसईच्या कॅथॉलिक समाजाने १९१८ साली सहकारी पतसंस्था उभारली. तिचीच पुढे बँक झाली. सहकारात सभासदाला वार्षिक सभेत बसण्याचा, ताळेबंद पाहण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. आपल्यापैकी कितीजण तो बजावतात? कितीजण केवळ लाभांश घेऊन घरी परततात?

म्हणून त्या मातेला आमचे उत्तर असे: बाई, बँकेचे नाव पाहण्याआधी तिचा ताळेबंद जाणत्याकडून वाचून घे. तुझा पैसा कोणाला कर्जाऊ जातो, थकबाकी किती आहे, हे विचार. भारतात २०२० पासून एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. त्याहून अधिक रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नकोस. आणि संचालक ओळखीचा असला, नव्हे, प्रत्यक्ष धर्मगुरू असला, तरी प्रश्न विचारण्यास संकोचू नकोस. असा प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. ती प्रामाणिक कारभाऱ्याला केलेली मदतच होय.