सरकारी खरेदीत माल द्यायचाय? नोंदणी फुकट आहे, पण ओटीपी आणि टोकन स्वतःच्या हातात ठेवा

रत्नागिरी : शाळेची बाकं, आरोग्य केंद्राची साफसफाई, कार्यालयाला महिन्याच्या भाड्याने लागणारी जीप, बैठकीचा चहा-नाश्ता. ही कामं गावातला सुतार, गाडीवाला किंवा बचत गट सहज करू शकतो. अडतं ते नोंदणीपाशी. मग कुणीतरी एजंट भेटतो, दोन-तीन हजार घेतो, खातं त्याच्याच मोबाईल नंबरवर उघडतो, आणि पुढे ते खातं नावापुरतंच मालकाचं राहतं.

आधी दोन पोर्टलमधला फरक समजून घ्यायला हवा, कारण बऱ्याच जणांचा घोळ तिथेच होतो.

पहिलं जेम, म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस. केंद्र सरकारने ते ऑगस्ट 2016 मध्ये सुरू केलं आणि महाराष्ट्राच्या उद्योग विभागाने 2017 मध्ये स्वीकारलं. हे एक दुकानच आहे. विक्रेता आपला माल किंवा सेवा दरासह मांडतो, कार्यालय तिथून घेतं. केंद्राच्या नियमाप्रमाणे 50 हजारांपर्यंतची खरेदी थेट होते, 50 हजार ते 10 लाखांपर्यंत दरांची तुलना होते, त्यावर बोली लागते. दुसरं महाटेंडर्स, राज्याचं ई-निविदा पोर्टल. जिल्हा परिषद, नगर परिषद, सार्वजनिक बांधकाम यांच्या मोठ्या निविदा तिथे निघतात. किती रकमेवर ई-निविदा लागते ती मर्यादा शासन निर्णयाने बदलत असते, तेव्हा जुन्या आकड्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट. रस्ता, गटार, साकव असली बांधकामाची कामं घ्यायची तर बांधकाम विभागाकडची ठेकेदार नोंदणी वेगळी लागते. जेमवर नाव घातलं म्हणून साकवाचं काम मिळत नाही.

नावाचा घोळ आधी मिटवा

जेमच्या नोंदणीला फी नाही. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, एवढं आधी बघायचं. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट पैसे मागतात. लागतं काय, तर पॅन, आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर, ईमेल, बँक खातं, आणि असेल तर जीएसटी क्रमांक व उद्यम नोंदणी. महाराष्ट्रात फक्त मालाच्या विक्रीला वर्षाची उलाढाल 40 लाखांवर आणि सेवेला 20 लाखांवर गेली की साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची होते.

सगळी कागदं असूनही अर्ज अडकतो तो नावावर. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. आपल्याकडे अर्ध्या घरांत हेच आहे. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं वडिलांचं नाव गाळलेलं. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. म्हणून नोंदणीला बसण्याआधी पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून वाचावं आणि दुरुस्ती आधी करून घ्यावी. याला आठवडे लागू शकतात, निविदा निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

नोंदणी करताना व्यवसायाचा प्रकार विचारतात. एकट्याचा धंदा, भागीदारी, कंपनी, संस्था यांच्याबरोबर बचत गटालाही तिथे जागा आहे. महिला उद्योजक आणि बचत गटांसाठी जेमने जानेवारी 2019 मध्ये 'वुमनिया' नावाचा उपक्रम सुरू केला. खातं तयार झालं की माल मांडायचा. दुसऱ्या कंपनीचा माल विकणाऱ्याने यादीत आधीच असलेल्या वस्तूला आपला दर जोडायचा असतो. काही वस्तूंना कंपनीचं अधिकारपत्रही लागतं. ऑगस्ट 2024 पासून 10 लाखांपर्यंतच्या ऑर्डरवर जेम विक्रेत्याकडून व्यवहार शुल्क घेत नाही. पूर्वी सुरुवातीला अनामत ठेवावी लागायची, ती किती हे उलाढालीवर ठरायचं.

टोकन म्हणजे सही

महाटेंडर्सला मोबाईलवर भागत नाही, संगणक लागतो. शिवाय डिजिटल सही. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये मिळते. 2021 पासून तिसऱ्या वर्गाचीच सही चालते, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. घेताना सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही आहे का ते विचारून घ्यावं.

हे टोकन आणि त्याचा पासवर्ड सायबर कॅफेत किंवा एजंटच्या खणात ठेवून येणारे पुष्कळ आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 प्रमाणे या सहीला हाताच्या सहीइतकीच किंमत आहे. कोरा सही केलेला चेक जसा कुणाकडे ठेवत नाहीत, तसं हे. एजंटने तुमच्या नावाने कमी दर भरला, काम लागलं आणि माल गेला नाही, तर अनामत जाते तुमची आणि काळ्या यादीत नाव पडतं तेही तुमचंच. फॉर्म भरायला मदत जरूर घ्यावी, शेजारी बसून. टोकन परत खिशात घालून घरी यावं.

दर भरायची जी एक्सेल फाइल उतरवून घेतो तिचं नाव बदलायचं नाही, नाहीतर ती परत चढत नाही. मुदत पोर्टलच्या घड्याळावर संपते, आपल्या नाही. पावसात आपल्याकडे लाइट कधी जाईल आणि नेट कधी लटकेल याचा भरवसा नाही, त्यामुळे शेवटच्या तारखेच्या निदान एक दिवस आधी भरून टाकावं. अनामत बँकेतून पाठवायची असेल तर आणखी आधी. भरल्यावरही शुद्धिपत्रक निघालंय का ते बघत राहायचं.

सवलत कोणाला, कोणाला नाही

उद्यम नोंदणी जुलै 2020 पासून आहे, तीही फुकट. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी 25 टक्के खरेदी करावी असं 2012 चं धोरण आहे. त्यात 3 टक्के महिलांच्या आणि 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी. बयाणा रकमेतूनही सूट आहे. पण ही सवलत माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. बाकं बनवणारा सुतार यात बसतो, जीप भाड्याने देणारा बसतो. नुसता माल आणून विकणारा दुकानदार बसत नाही, त्याच्याकडे उद्यमचा कागद असला तरी. जुलै 2021 पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी परत खुली झाली ती बँक कर्जातल्या प्राधान्यापुरती. हे माहीत नसल्याने बयाणा न भरता बोली लावायची आणि तांत्रिक छाननीतच बाहेर पडायचं, असं होतं. राज्याच्या निविदांत सूट आहे की नाही, हे त्या त्या निविदेच्या अटींतच वाचावं.

दर ठरवताना माल कुठे पोचवायचा ते आधी पाहावं. निविदा रत्नागिरीच्या कार्यालयाची असते, पण पोच एका टोकाला मंडणगड आणि दुसऱ्या टोकाला राजापूर. भाडं, चढ-उतार, घाटातली मोडतोड सगळं त्याच दरात. सगळ्यात कमी दर लागला म्हणून आनंद करायचा आणि टेम्पोच्या डिझेलात तोटा घालायचा, यात अर्थ नाही. बसत नसेल तर बोलीच लावू नये. ऑर्डर घेऊन माल न देणाऱ्याचं खातं जेम काही काळ बंद ठेवू शकतं.

पैशाचं म्हणाल तर जेमवर माल स्वीकारल्याचा दाखला निघाल्यापासून 10 दिवसांत रक्कम द्यायचा नियम आहे. प्रत्यक्षात उशीर होतो, तेवढं भांडवल हाताशी धरूनच काम घ्यावं. 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर चक्रवाढ व्याज. त्याची तक्रार ऑनलाइन करता येते, पण उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. करार अडीच लाखांवर असेल आणि माल करपात्र असेल, तर बिलातून 2 टक्के जीएसटी कापून घेतात. ती रक्कम आपल्याच जीएसटी खात्यात येते, मात्र पोर्टलवर जाऊन ती स्वीकारावी लागते. कितीतरी जणांची तशीच पडून असते.